महेंद्र ओव्हाळची नियमांची वही

महेंद्र ओव्हाळ दिवसभर गेम खेळतो आणि त्याचा पगार घेतो, असं विठ्ठलवाडीतल्या त्याच्या बिल्डिंगमधले लोक म्हणायचे. म्हणायला ते खरं होतं. ठाण्याला मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तो टेस्टर होता. गेम लोकांच्या हातात जाण्याआधी तो मोडून बघायचा, हे त्याचं काम. भिंतीवर चारशे वेळा डोकं आपटायचं, दार उघडण्याआधीच त्यातून घुसायला बघायचं, ऐन लढाईत फोन बंद करायचा. काही बिघडलं की तीन ओळी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. नऊ वर्षं हेच केल्यावर माणूस तसाच बोलायला लागतो. मी एकदा विचारलं, लग्नाचं काय झालं रे? तर म्हणाला, "मुलगी बघायला गेलेलो. होकार यायला हवा होता. आला नाही." आणि चहा प्यायला लागला.

मी समीक्षा. कल्याणला चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. महेंद्र माझा कॉलेजपासूनचा मित्र. तसा तो कुणाच्या फार जवळचा नव्हता, पण रविवारचा खेळ त्याचा होता आणि त्या खेळात मी सात वर्षं होते, म्हणून हे मी सांगते आहे.

खेळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या घरच्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. टेबलाभोवती बसायचं. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. "समोर पडकं देऊळ आहे, आतून कुणीतरी कण्हतंय, काय करता?" असं सूत्रधार विचारतो आणि आपण सांगायचं. जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पटावर सोंगट्या पुढे सरकवणं असं त्यात फार काही नसतं. बहुतेक बोलणंच असतं. महेंद्रने आमच्यासाठी खारभूमी नावाचं एक राज्य रचलं होतं: खाड्या, मिठागरं, कांदळवनात राहणारे जखीण-खवीस आणि मिठाच्या ढिगाऱ्यांवर बांधलेले किल्ले. डोंबिवली पूर्वेला आमच्यातल्या विनीतचे दहावीचे क्लासेस आहेत, तिथे दर रविवारी दहा ते एक आम्ही बाक जोडून बसायचो. फळ्यावर आदल्या दिवशीची बीजगणिताची उदाहरणं तशीच असायची. विनीत मांत्रिक, मी वैदू आणि सर्वेश नावाचा चोवीस वर्षांचा, कायम घाईत असलेला मुलगा आमचा तलवारवाला.

महेंद्रची आई, केशरबाई, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. घरात तो आणि त्याचे वडील, कुंडलिककाका, दोघंच उरले. काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. धिप्पाड माणूस, डाव्या हाताच्या कोपरापासून खाली भाजल्याचे पांढरे डाग, बोलणं कमी. बापलेकांच्या मधलं सगळं बोलणं केशरबाईंमार्फत व्हायचं. त्या गेल्यावर उरलं ते एवढंच: जेवलास का, गॅस बंद केलास का, चावी घेतलीस का.

रविवारी त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून महेंद्र त्यांना क्लासमध्ये घेऊन यायला लागला. ते मागच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. तीन-चार रविवार असे गेले. मग एकदा आमच्या गोष्टीत एका चेटकिणीचा भलामोठा हंडा आला. झाकण घट्ट बसलेलं, खाली जाळ, आणि आत काय आहे ते आम्हाला बघायचं होतं. सर्वेश म्हणाला, मी तलवारीने झाकण उडवतो. मागून आवाज आला, "असं उघडशील तर तोंडावर येईल. आधी जाळ काढ. मग बाजूने वाफ सोड."

आम्ही वळून बघितलं. काका पेपर खाली ठेवून उभे होते.

पुढच्या रविवारी महेंद्रने त्यांच्यासाठी पात्राचा कागद बनवून आणला. विनीतच्या क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर आम्ही ते कागद लिहायचो. पात्र होतं भट्टीवाल्याचं: लोहार, ताकद भरपूर, जादू शून्य. नाव काय ठेवायचं, असं महेंद्रने विचारलं, तेव्हा काका लगेच म्हणाले, "पोपट." सर्वेश हसला. काका म्हणाले, "माझ्याबरोबर होता कामाला. चांगला माणूस. गेला." त्यावर कुणी काही विचारलं नाही. महेंद्रनेही नाही.

आणि काका खेळायला लागले. नियम त्यांना कधीच पाठ झाले नाहीत. त्यांची पाळी आली की ते आमच्याकडे बघायचे, "मला आता काय काय करता येईल?" मग मी किंवा विनीत सांगायचो, ते विचार करायचे, मध्येच कारखान्यातलं काहीतरी आठवायचं, ते सांगायचे, मग फासा टाकायचे. एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. आम्ही होडीतून खाडी ओलांडत होतो आणि महेंद्र नावाडीण झालेला होता. सूत्रधाराला अशी सगळी माणसं स्वतःच व्हावं लागतं. काकांनी तिला विचारलं, "बाई, एकट्याच राहता का?"

"मुलगा आहे," महेंद्र म्हणाला. आवाज थोडा म्हातारा केलेला. "पण त्याचं काम असतं."

"वाईट आहे का?"

"नाही. वाईट नाही. बोलत नाही फार."

"मग तुम्ही बोलता का त्याच्याशी?"

महेंद्रने गोष्टीच्या वहीकडे बघितलं, वहीत याचं उत्तर नव्हतं. "नाही," तो म्हणाला, "मला सुचत नाही काय बोलायचं."

"सुचायला काय लागतं," काका म्हणाले. "काय खाल्लंस, काय बघितलंस. तिथून निघायचं."

सर्वेशने विचारलं, "यात फासा टाकायचाय का कुणी?" आणि आम्ही सगळे हसलो. महेंद्रही हसला. त्या दिवशी स्टेशनपर्यंत जाताना बापलेक शेजारी शेजारी चालत होते आणि महेंद्र हातवारे करून काहीतरी सांगत होता. मी मागे राहिले मुद्दाम.

खेळात मुख्य अडचण होती ती लढाईची. मिठागराच्या बांधावर एक लढाई झाली, ती तीन रविवार चालली. एकेकाने पाळीपाळीने सांगायचं, फासा टाकायचा, बेरीज करायची, नुकसान वजा करायचं, मग पुढचा. आपली पाळी संपली की पुन्हा येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. तोवर सर्वेश फोन बघायचा, मी काकांशी गप्पा मारायचे. शेवटी सर्वेश वैतागला. "भाई, हे बोअर आहे. मोबाइलवर हीच फाइट पाच मिनिटांत होते."

हे महेंद्रला लागलं. पुढच्या रविवारी तो स्टॉपवॉच घेऊन आला आणि कुणाला न सांगता वेळ मोजत राहिला. एक वाजता म्हणाला, "तीन तासांत प्रत्येकजण सरासरी अकरा मिनिटं खेळला. बाकी वेळ नुसता बसून." त्याच्या आवाजात कधी नसतो तसा उत्साह होता. त्याला बग सापडला होता.

दोन महिने तो त्यावर बसला. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही केली. ऑफिसात ज्या गेमचे तुकडे तो रोज पाडायचा, त्यांच्यातूनच एकेक गोष्ट उचलली. पाळीपाळीचा प्रकार काढून टाकला. प्रत्येकाला आपल्या करामतींची पाच-सहा कार्डं दिली. सगळ्यांनी एकाच वेळी कार्ड पालथं ठेवायचं आणि एकदम उघडायचं. दर फेरीला तीन चकत्या, म्हणजे तीन हालचाली. चालणं एक चकती, वार दोन. जादू दिवसातून कितीदा झाली ते लिहीत बसायचं नाही. वापरलेलं कार्ड आडवं करायचं, दोन फेऱ्यांनी ते पुन्हा उभं होतं. मोबाइलमध्ये वार केल्यावर बटण थोडा वेळ करडं होतं ना, तसं. शत्रू पुढच्या फेरीत काय करणार, तेही आधीच उघडं ठेवलेलं, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. आणि विचार करायला वाळूचं घड्याळ. चाळीस सेकंद.

ते फार सुरेख चाललं, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी बांधावरच्या लढाईएवढीच मोठी लढाई पस्तीस मिनिटांत झाली. आम्हाला बाकावर बसवत नव्हतं. सर्वेश उभा राहून ओरडत होता. विनीतने आणि मी कार्डं उघडली तर दोघांनी एकमेकांना वाचवायचं कार्ड टाकलेलं, आणि शत्रूला मारायला कुणीच नाही. केवढे हसलो. महेंद्र फळ्याला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही.

काकांचं कार्ड त्या दिवशी तीनदा चुकलं. आडवं, म्हणजे वापरून झालेलं कार्डच त्यांनी पुन्हा टाकलं. आम्ही म्हटलं, होतं पहिल्यांदा. दुसऱ्या रविवारी पाच वेळा. वाळू संपत आली की त्यांचा हात कार्डांवरून नुसता फिरायचा. पूर्वी ते विचारायचे, मला काय करता येईल? आता विचारायला वेळच नव्हता. आम्ही सगळे आपापल्या कार्डांत मान घालून. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते म्हणाले, "तुम्ही लढा. पोपट मागे उभा राहतो." मग तो मागेच उभा राहायला लागला.

महेंद्रच्या वहीत त्या दिवसांतली एक नोंद मी नंतर वाचली. खेळाडू क्रमांक चार वेळेत निर्णय घेत नाही. पुढे काही उपाय लिहिलेला नव्हता.

एकदा तो चिडला. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण लढाई अगदी रंगात आली होती आणि काकांनी पुन्हा तेच केलं. "अण्णा, किती वेळा सांगितलं? आडवं कार्ड म्हणजे वापरलेलं. लहान पोराला कळेल."

"हो रे," काका म्हणाले. "कळलं."

त्यांनी कार्ड उचलून घेतलं आणि ते कुठे ठेवायचं ते न कळून हातातच धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी महेंद्र एकटाच आला. अण्णांचा गुडघा दुखतोय, म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच होता. खरं सांगायचं तर आम्हाला हायसं वाटलं. खेळ आणखी वेगात चालला. मलाही वाटलं, आणि ते मी अजून विसरू शकत नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेले. काकांचा नवा चष्मा आमच्या दुकानातून घेतलेला, तो द्यायचा होता. महेंद्र ऑफिसात होता. काकांनी दार उघडलं, मला ओळखलं, पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी स्वयंपाकघरात डोकावले. ते ओट्यापाशी रिकामा पेला धरून उभे होते. ओट्यावर एक कागद डब्याखाली दाबून ठेवलेला. मोठ्या, ठसठशीत अक्षरात एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली: आडवं कार्ड म्हणजे वापरलेलं. मी मोजलं नाही. पान भरलं होतं.

"पाठ करतोय," काका म्हणाले. जरा ओशाळून हसले. "राहत नाही गं डोक्यात. सकाळी येतं, दुपारी जातं. त्याला सांगू नको."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी फोन केला. महेंद्र म्हणाला, "त्यांना कंटाळा आलाय गं. नवीन काही शिकायचं नसतं त्यांना. मोबाइलचंही तसंच." मी म्हटलं, कंटाळलेला माणूस पान भरून लिहीत नाही. तो म्हणाला, बघतो. दिवाळी झाली तरी त्याने बघितलं नव्हतं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी विनीतच्या क्लासच्या नंबरवर फोन आला. शीळफाट्याच्या पुलाखाली टपरी असलेला एक माणूस बोलत होता. एक म्हातारे गृहस्थ अकरा वाजल्यापासून इथे बसलेत, म्हणाला, कुठे जायचं विचारलं तर म्हणतात सेकंड शिफ्ट आहे. खिशात फक्त एक कागद आहे, त्यावर क्लासचा नंबर छापलाय. मागे हाताने काहीतरी लिहिलंय, पोपट, ताकद अठरा, असं.

विनीत आणि मी रिक्षाने गेलो. महेंद्र ठाण्याहून आला, आमच्या आधीच पोचला होता. काका बाकड्यावर बसले होते. कल्याणहून बस धरली होती, एमआयडीसीला उतरायचं ते उतरलेच नाहीत. पायात एक चप्पल, एक बूट. महेंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसून बुटाकडे बघत होता. काका त्याला म्हणत होते, "उशीर झाला तर तो एकटा पडेल रे. एकट्याने होत नाही ते."

ठाण्याच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा. मग महेंद्रला बाहेर बोलावून सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, थांबत नाही, औषधाने थोडा सावकाश होतो. किमान दोन वर्षं तरी असणार, ते म्हणाले, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?

बाहेर पायऱ्यांवर महेंद्र मला म्हणाला, "दोन वर्षं. माझ्यासमोर." मग म्हणाला, "समीक्षा, जुन्या नियमांत ते लपत होतं. तुम्ही सगळे सांगायचात ना त्यांना, काय करायचं ते. मी ते काढून टाकलं. मग ते दिसलं, तर मला वाटलं खेळाडूच खराब आहे."

 खोटं तर काही नव्हतं त्यात.

महिनाभर खेळ बंद होता. मग त्याने आम्हाला पुन्हा बोलावलं. वहीत नवं पान काढलं होतं. आता सगळं काकांसाठी. वाळूचं घड्याळ गेलं. "घाई कुणालाच नाही," हा पहिला नियम. मोबाइलच्या गेममध्ये तुम्ही बऱ्याच दिवसांनी परत आलात की आधी थोडक्यात सांगतात, मागे काय झालं, आता कुठे जायचंय. तसं त्याने प्रत्येक रविवारी एक मोठं कार्ड लिहून आणलं: आपण किल्ल्यात आहोत. समीक्षा जखमी आहे. आपल्याला पाणी शोधायचंय. काकांपुढे सहा कार्डांऐवजी दोनच, तीही चित्रांची. एक हातोडा, एक हात. मारायचं की मदत करायची. आणि त्यांची पाळी ते एकटे खेळणार नाहीत, कुणीतरी जोडीला असणार, दोघांचा फासा एक. त्याला तो जोडी म्हणायचा.

सर्वेश दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी खाली जिन्यात मला म्हणाला, "ताई, मला वाईट वाटतं, पण हा गेम नाही राहिला आता. मी ठाण्याला एक ग्रुप जॉइन केलाय. दादाला तू सांगशील?" मी म्हटलं, तूच सांग. त्याने सांगितलं. महेंद्र म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि दुसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे वाळूच्या घड्याळाच्या नियमांची झेरॉक्स त्याला देऊन टाकली, कार्डांसकट.

राहिलो चौघं. चारेक महिने ते चाललं. काही रविवार चांगले गेले. काका कार्ड मोठ्याने वाचायचे, मग हाताचं चित्र उचलून माझ्यासमोर ठेवायचे, "हिला बरं करूया आधी." दर वेळी हातच. हातोडा त्यांनी फारसा उचललाच नाही. एकदा महेंद्रने विचारलं, "अण्णा, मजा येते का?" ते म्हणाले, "तू रोज का नाही घेत हे?"

मग मे महिन्यातला तो रविवार. महेंद्रला वाटत होतं की काकांना एकदा तरी असं काही द्यावं, ज्यात बाकीच्यांना कळत नाही आणि त्यांना कळतं. गेमच्या सुरुवातीला खेळणाऱ्याला आधीपासून येतं तेच करायला लावतात, म्हणजे त्याचा हात बसतो, हे त्याने आम्हाला समजावलं होतं. म्हणून त्याने किल्ल्याच्या तळघरात एक भट्टी रचली. पाइप, झडपा, वाढत चाललेला दाब. घरी बसून त्याने भट्टीचं चित्रही काढलं होतं, काकांच्या जुन्या कामाच्या पुस्तकावरून, अगदी हुबेहूब.

"दाब वाढतोय," तो सांगायला लागला. "काटा लालमध्ये गेलाय. डावीकडच्या पाइपातून शिट्टीसारखा आवाज येतोय. पोपट पुढे उभा आहे."

काकांचा चेहरा बदलला. मला ते दिसलं. मी महेंद्रला थांब म्हणायला हवं होतं. तो चित्र त्यांच्या पुढे सरकवत होता.

काका उठले ते बाक घेऊनच उठले. "पोपट, बाजूला हो!" ते ओरडले. त्यांनी विनीतचा दंड धरला आणि त्याला ओढायला लागले. "मेन व्हॉल्व्ह बंद कर! अरे मेन बंद कर कुणीतरी! सरक, पोपट, सरक!" आवाज असा की खालच्या दुकानातली माणसं जिना चढून आली. मग ते खाली बसले आणि भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी पुसायला लागले. कातडी, महेंद्रने मला पुढे सांगितलं. पोपटची कातडी हाताला लागलेली, ते ती पुसत होते.

महेंद्र त्यांच्या पाठीशी जमिनीवर बसला. "अण्णा, गोष्ट होती. गोष्ट आहे ही. मी सांगितलेली." ते त्याने कितीतरी वेळा म्हटलं. काकांना ते पोचत नव्हतं. शेवटी त्याने ते म्हणणं सोडलं आणि म्हणाला, "मेन बंद केला, अण्णा. झालं. बंद केला." मग ते शांत झाले. रिक्षात त्यांनी त्याला विचारलं, "तो वाचेल का?" महेंद्र हो म्हणाला.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही.

महेंद्रने मात्र त्या खऱ्या पोपटचा शोध घेतला. काकांबरोबर काम केलेल्या एकाकडून कळलं की वाफेचा पाइप फुटला तेव्हा काका दोन पावलं मागे होते, म्हणून वाचले. पोपटची बायको रखमाबाई कळव्याला राहते, असंही कळलं. महेंद्र एकटाच गेला. म्हातारीने त्याला बसवलं, कुंडलिकचा मुलगा म्हटल्यावर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. काका निवृत्त होईपर्यंत दर वर्षी एकदा तिच्याकडे यायचे, मुलांसाठी काहीतरी घेऊन, आणि फार न बोलता अर्धा तास बसून जायचे. घरात हे केशरबाईंना माहीत होतं. महेंद्रला नव्हतं. व्हॉल्व्हजवळ तो माझ्याआधी पोचला, मी पोचायला हवं होतं, असं काका एकदा तिला म्हणाले होते. आता त्यांना काही आठवत नाही, असं महेंद्रने सांगितलं तेव्हा रखमाबाई म्हणाल्या, "मग सुटला बिचारा." महेंद्रला ते पटलं नाही. तो मला म्हणाला, "सुटले कसे? बाकी सगळं गेलं आणि तेवढंच राहिलं, मी बघितलंय."

आता काका त्याला ओळखत नाहीत. कधी साहेब म्हणतात, कधी भाऊ. दिवसा गोदूबाई नावाची एक बाई असते. महेंद्रने ठाण्याची नोकरी सोडली, घरून कुठल्याशा हिशेबाच्या अॅपचं टेस्टिंग करतो. ते काम त्याला आवडत नाही, पण घरून करता येतं. सर्वेशचा ग्रुप त्याच्या दुसऱ्या नियमांवर चालतो आणि चांगला चालतो. ठाण्यात आणखी दोन टेबलं त्यावर खेळतात म्हणे. सर्वेशने एकदा फोन करून विचारलं, नाव काय द्यायचं या सिस्टिमला, तुझं टाकू का? महेंद्र नको म्हणाला.

मी गेल्या पावसाळ्यात गेले होते. काका खिडकीत बसलेले, बाहेर बघत. महेंद्र त्यांची नखं कापत होता आणि कापता कापता सांगत होता: आज काय भाजी केली, पाण्याचा टँकर कधी आला, खालच्या मजल्यावर कुणाचं काय भांडण झालं. काका मान हलवत होते, न हलवल्यासारखीच. निघताना महेंद्र दारापर्यंत आला. "रविवारी काय करतेस हल्ली?" त्याने विचारलं.

"काही विशेष नाही."

"ये मग. खेळ वगैरे काही नाही. नुसती बस."

मी येते म्हटलं. दोन रविवार गेलेही. मग दुकानातली दुसरी मुलगी काम सोडून गेली, माझी रविवारची सुट्टी गेली, आणि नंतर सुट्टी परत मिळाली तरी मी गेलेले नाही.